हरणीचा क्लेम

आयुष्यभर माझं घर खोटं बोलणाऱ्या माणसांच्या जिवावर चाललं, असं मी म्हटलं की विश्रामबागेतल्या आमच्या भिशीच्या बायका दचकतात. त्यातल्या निम्म्या जणींना अजून वाटतं की मी विम्याच्या पॉलिस्या विकत होते. पॉलिसी विकणारा वेगळा. तो हसतमुख असतो, नवीन वर्षाला कॅलेंडर घेऊन येतो, मुलांची नावं लक्षात ठेवतो. मी त्याच्या मागून येणारी. दुकान बुडालं, गाडी जळली, गोठा वाहून गेला, की लोक कंपनीकडे क्लेम करतात, म्हणजे भरपाई मागतात. ती मागणी खरी की रचलेली, हे जागेवर जाऊन बघायचं, एवढंच माझं काम. सरकारी विमा कंपनीची तपासनीस. सांगली आणि सातारा हा माझा मुलूख, स्कूटर हे वाहन, आणि कृष्णा ही खरी साहेबीण. ती चढली की माझी रजा रद्द.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही माणसांवरचा विश्वास उडवून घ्याल. संकटात बहुतेक माणसं खरंच बोलतात. थोडी बोलत नाहीत, आणि त्या थोड्यांतली बरीचशी इतकं कच्चं खोटं बोलतात की रागावण्याऐवजी माया यावी. अट्टल लबाड मला नोकरीत फार भेटले नाहीत. भेटले ते शेजाऱ्याचं बघून मोहात पडलेले, आणि मोहात पडायचीही सवय नसलेले.

सांगलीच्या पेठेतले एक कापडवाले शेठ होते. पुराचं पाणी त्यांच्या पायऱ्यांशी येऊन थांबलं होतं, पण क्लेम होता कमरेएवढ्या पाण्याचा. पूर ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ राहते. आमच्या धंद्यात त्या रेघेला फार मान. पाणी कुठवर होतं हे सांगणारी ती एकच साक्षीदार, आणि तिला कोणी चहापाण्याला नेऊ शकत नाही. शेठच्या दुकानात रेघ होती. चांगली ठसठशीत, चारी भिंतींना होती. मी गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली आणि दोन भिंतींना लावून बघितली. रेघ आत उंच आणि दाराकडे उतरती. फरशी धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून दुकानाला दाराकडे उतार दिलेला होता, आणि रेघ मारणाऱ्यानं फरशीपासून काठीनं मोजत मोजत ती मारली होती. पाणी फरशी बघत नाही, ते सगळीकडे सारखंच उभं राहतं. मी म्हटलं, शेठ, तुमच्या दुकानात पाणी उतरणीवर उभं होतं का? शेठ रेघेकडे बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, पेंटरनं घात केला. म्हणजे चिखल फासायलासुद्धा त्यांनी मजुरी देऊन पेंटर लावला होता.

मलकापूरचे एक गृहस्थ त्यांच्याही वरचे. जुनी गाडी, बंद पडलेलं इंजिन, आणि पुरात बुडाल्याचा क्लेम. गाडीवर चिखल, सीटवर चिखल, डिकीत चिखल, सगळं यथासांग. मी फक्त सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. गाडी खरोखर बुडाली असेल तर गाळ त्या पट्ट्याच्या गुंडाळीत आतपर्यंत शिरतो. हा पट्टा शोरूममधून आल्यासारखा स्वच्छ. गृहस्थांनी तो हातात घेऊन बघितला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, आता यात घातला तर चालेल का? मी नाही म्हटल्यावर त्यांनी वाद घातला नाही. निघताना मात्र परसातले पेरू पिशवीत भरून दिले. लाच म्हणून नव्हे. क्लेम गेला तो गेला, बाईमाणूस घरी येऊन रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून. ते पेरू मी ऑफिसात सगळ्यांच्या देखत कापले आणि तिखट-मीठ लावून वाटले.

असे पुष्कळ सांगता येतील, आणि भिशीत मी ते सांगतेही. पण ज्याच्यासाठी लिहायला बसले तो क्लेम दुकानाचाही नाही आणि गाडीचाही नाही. तो एका गायीचा आहे.

जनावराचा विमा उतरवला की त्याच्या कानात पिवळा बिल्ला ठोकतात. बिल्ल्यावर नंबर असतो. विमा उतरवलेलं जनावर मेलं, तर डॉक्टरांनी ते तपासायचं आणि बिल्ल्यासकट कानाचा तुकडा कापून कंपनीकडे पाठवायचा. नंबर जुळला की भरपाई. बिल्ला नाही तर क्लेम नाही, हा नियम. ऐकायला दुष्ट वाटतो, पण त्याला कारण आहे. सगळ्या गायी एकसारख्या दिसतात, निदान पुण्याच्या ऑफिसातून तरी.

अलीकडच्या एका मोठ्या पुरात सांगलीच्या वरच्या अंगाला नदीकाठचं एक गाव पार पाण्यात गेलं. ऊसकरी गाव. घरटी एकजण फौजेत. पाणी अचानक आलं नव्हतं. धरणातून सोडलेलं पाणी तासातासानं चढत होतं, दवंडी पिटून झाली होती, माणसं ट्रॅक्टरनं आणि नावांनी माळावरच्या शाळेत पोचली होती. माणूस एकही दगावलं नाही. पाणी उतरल्यावर मात्र त्या गावातून मेलेल्या गायींचे क्लेम आले, ते गठ्ठ्यानं. प्रत्येकाबरोबर बिल्ला, कानाच्या तुकड्यासकट. पुराच्या धांदलीत डॉक्टरांना प्रत्येक जनावर बघणं शक्य नव्हतं, म्हणून त्या वेळेपुरतं बिल्ला आणि पंचनामा एवढ्यावर भागवायचं ठरलं होतं. ही सवलत कोणाच्या तरी तल्लख डोक्यात शिरली असणार. मेल्यावर कापलेला कान आणि जिवंतपणी कापलेला कान यांत फरक असतो, पण ते तुकडे माझ्यापर्यंत आले तेव्हा फरक कळण्याच्या पलीकडे गेले होते. जास्त वर्णन करत नाही, तुमच्या हातात चकली असेल.

त्याच गावातून आणखी एक क्लेम होता, बिल्ल्याशिवायचा. शालन नावाच्या बाईचा. गाय वाहून गेली, एवढंच तिचं म्हणणं होतं.

पुण्याच्या आमच्या साहेबांचा फोन आला. गावच बोगस दिसतंय, म्हणाले, सगळे क्लेम एकगठ्ठा रिजेक्ट करा, आणि त्या बिल्ला नसलेल्या बाईपासून सुरुवात करा, तिच्यात तर बघण्यासारखंही काही नाही. मी हो म्हटलं आणि स्कूटर काढली. बघण्यासारखं काही नाही असं कोणी म्हटलं की मला तिथंच जावंसं वाटतं, ही माझी जुनी खोड.

शालन तिशीतली, बारीक चणीची. नवरा फौजेत, वर सरहद्दीवर. घरात ती आणि तिचे सासरे. गायीचं नाव हरणी, तांबूस रंगाची जर्सी, आणि गाभण. शालननं मला रिकामा गोठा दाखवला आणि काय झालं ते सांगितलं. सकाळी पाणी अंगणात आलं, चढत चढत गुडघ्याच्या वर गेलं. नाव आली. नाववाला म्हणाला, आधी माणसं, जनावरं नाहीत. सासऱ्यांना नावेत बसवून ती गोठ्यात परत आली. हरणीचं दावं खुंट्याला बांधलेलं, पण खुंटा पाण्याखाली गेलेला, गाठ भिजून फुगलेली, ती सुटेना. मग विळा घेऊन तिनं वरच, हात पोचेल तिथं, गळ्याजवळ दावं कापलं.

"जा म्हटलं, तर जाईना ती," शालन म्हणाली. "माझ्याकडंच बघत हुबी. मग मी तिला मारलं, बाई. दांडक्यानं मारलं पाठीवर. कवा बोट लावलं नव्हतं तिला."

मार बसल्यावर हरणी पाण्यात उतरली आणि उसाच्या बाजूला पोहत गेली. त्यानंतर ती कोणाला दिसली नाही.

सासरे ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते त्यांनी मला सांगितलं तसं रोज जेवताना सुनेलाही सांगत असणार. नाव दुसऱ्या खेपेला येणारच होती. तोवर धरून ठेवली असती तर नावेमागं पोहत नेता आली असती, गाभण गाय अशी हाकलून देतात का. शालन मान खाली घालून उभी होती. नवऱ्याला तिनं फोनवर गाय गेल्याचं सांगितलं होतं, मारून हाकलल्याचं नाही.

मी निघताना ती फाटकापर्यंत आली. मला वाटलं, पैसे कधी मिळतील असं विचारेल. सगळे तेच विचारतात. ती म्हणाली, "बाई, तुमी लय गावं बघता. मी दावं कापलं ते चुकलं का वं?"

असल्या गोष्टीवर शिक्का मारायची सोय कंपनीनं आम्हाला दिलेली नाही.

मी परत फिरले आणि खुरपं मागितलं. गोठ्यात घोटाभर गाळ होता, वरून वाळून भेगाळलेला. पुराचा गाळ म्हणजे पाकिटावरची लाख. एकदा बसला की त्याच्याखाली नंतर काही सरकवता येत नाही, सरकवलं तर भेगांची नक्षी मोडते. नक्षी जशीच्या तशी होती. खुंट्याभोवतीचा गाळ मी पापुद्र्या-पापुद्र्यानं काढला. खाली दावं निघालं, खुंट्याला गाठ तशीच, आणि दुसरं टोक विळ्यानं तिरकं कापलेलं. म्हणजे पाणी चढत असताना कोणीतरी हे दावं कापलं होतं. शालन खरं बोलत होती. पण कंपनीला कापलेल्या दाव्याचं काय कौतुक? तिला बिल्ला हवा.

तिथून मी बिल्लेवाल्यांकडे वळले. पहिलं घर संपतचं. संपत म्हणजे गावात चार लोकांना सल्ला देणारा, इस्त्रीच्या कपड्यातला गडी. त्याची आई हौसाबाई सोप्यात सूप घेऊन जोंधळे निवडत बसलेल्या. संपतनं खुर्ची दिली, पंखा लावला आणि पाठ केल्यासारखं सांगायला लागला. पाणी लय वेगानं आलं, मॅडम. आमी कसंबसं जीव घेऊन निघालो. परत आलो तर गाय दावणीलाच मरून पडलेली. बिल्ला काढून घेतला आणि जेसीबीनं पुरली.

हौसाबाईंचं सूप थांबलं.

"कुठं मेली म्हणालास?" त्यांनी विचारलं.

"आई, तू गप बस जरा."

"का गप बसू? पाणी आलं तवा जनावर बांधून माणसं पळाली, असं सांगतुस व्हय रं या बाईला? तुझ्या बाच्या वेळंला याच्यापरीस मोठा पूर आलता. एक शेळी दावणीला मेली न्हाई या घरात. भावकीत तोंड कसं दाखवू मी?" मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "खोटं हाय, बाई. गाय ह्याच्या मेव्हण्याच्या वस्तीवर हाय, माळाला. धडधाकट हाय. कान तेवढा कापलाय मेल्यानं."

संपतनं पंख्याकडे बघितलं. मीही पंख्याकडेच बघितलं, कारण त्याच्याकडे बघितलं असतं तर मला हसू आवरलं नसतं.

गैरसमज नको. हौसाबाई काही सत्याच्या पुतळ्या नव्हत्या. कंपनीचे पैसे लाटले असते तर त्यांनी खुशाल जोंधळे निवडले असते. लेकानं काहीतरी कागद रंगवलेत हे त्यांना माहीत असणारच. पण त्यासाठी तो कोणती गोष्ट सांगणार हे त्यांना माहीत नव्हतं. चोर म्हणा, लबाड म्हणा, ते खपेल. जनावर दावणीला बुडू दिलं, हे खपणार नाही. नदीकाठच्या गावांचा हा न लिहिलेला कायदा आहे. पाणी चढलं की आधी दावी सोडायची, सोडवत नसतील तर कापायची. मग जनावर आणि त्याचं नशीब. मी मूळची वाईची, कृष्णेच्या घाटावर वाढलेली. आमच्या घरी गाय नव्हती तरी हे वाक्य ऐकत मोठी झाले.

घराबाहेर येऊन मी स्कूटरवर नुसती बसून राहिले, कारण सगळं उलटं झालं होतं. कंपनीला बिल्ला हवा. बिल्ल्यासाठी मढं हवं. आणि एवढ्या पाण्यात मढं घरी सापडायचं तर गाय दावणीला बांधलेली हवी. म्हणून त्या सगळ्यांनी कंपनीच्या नियमात बसवायला आपापल्या गायी कागदावर दावणीला मारल्या होत्या. पण या गावात, दिवसाउजेडी हळूहळू चढलेल्या पाण्यात, कोणी गाय बांधून ठेवली नसती. ज्याची गाय खरोखर गेली, त्याच्याकडे बिल्ला असूच शकत नव्हता. बिल्ला दाखवणारा प्रत्येकजण खोटा होता आणि गावात खरी एकटी शालन होती.

हे सिद्ध करायला मी पोलीस बोलावू शकले असते, माळावरच्या वस्त्या धुंडाळू शकले असते. तसं काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर सगळ्या बिल्लेवाल्यांना बोलावलं आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाही निरोप दिला. हौसाबाई न बोलावता सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, फार वेळ घेत नाही. प्रत्येकानं सगळ्यांसमोर एवढंच सांगायचं, तुमची गाय दावणीला मेली ना? हो म्हणा, मी तसं लिहून घेते.

पहिला म्हणाला, घरात विचारून सांगतो. दुसरा म्हणाला, तसं मी सोडली हुती. मग बिल्ला कसा मिळाला, असं मी विचारलं नाही. पारावरच्या एका आजोबांनीच विचारलं, आणि तो गडी चप्पल शोधायला लागला. दिवस मावळायच्या आत सगळ्यांचे क्लेम मागे घेतल्याचे अर्ज माझ्या पिशवीत होते. पहिला अर्ज संपतचा. मी निघताना हौसाबाईंनी हात धरून घरी नेलं, चहा पाजला, आणि पोराला जरा सांभाळून घ्या, वाईट न्हाई त्यो, असं सांगितलं. वाईट तो नव्हताच. नोकरीतला तो माझा सगळ्यात आवडता दिवस. परत येताना स्कूटरवर मी मोठ्यानं गात होते, रस्त्यावरच्या लोकांनी वळून बघितलं.

शालनच्या क्लेमसाठी मात्र पुण्याशी भांडावं लागलं. साहेब म्हणाले, "बिल्ला नाही हाच पुरावा, असं लिहिलंय तुम्ही. ऑडिटवाले मला वेड्यात काढतील." मी म्हटलं, ऑडिटवाल्यांना नदीकाठी पाठवा, मी स्कूटरवर फिरवते. गाळाचे, खुंट्याचे, कापलेल्या दाव्याचे फोटो पाठवले. पारावरची हकीकत लिहिली. साहेब वैतागले, कुरकुरले आणि शेवटी सही केली. माणूस भला होता, पण पुण्यात बसायचा.

पैसे मिळाल्यावर शालननं कालवड घेतली. मी मुद्दाम वाट वाकडी करून बघायला गेले. कालवड गोजिरी होती. सासरे ओट्यावरच होते आणि त्यांचं म्हणणंही तेच होतं. शालननं मला लिंबाचं सरबत दिलं आणि म्हणाली, पैसं मिळालं म्हंजे मी चुकले न्हाई, असं हुतंय का बाई? मी म्हटलं, कंपनीच्या लेखी होतं. तिनं मान हलवली. कंपनीच्या लेखी तिला काय करायचं होतं.

मग उन्हाळा गेला आणि एके दिवशी ती ऑफिसच्या दारात उभी. एसटीनं आली होती, एकटी. आत ये म्हटलं तरी येईना.

"बाई, हरणी जित्ती हाय. मी खोटी पडले."

तिला बसवून पाणी दिलं, मग हळूहळू कळलं. कृष्णा पुढे कर्नाटकात जाते. तिथल्या एका गावात लस टोचायला आलेल्या डॉक्टरांनी एका गायीच्या कानातला बिल्ला बघितला, नंबर कॉम्प्युटरवर टाकला तर मालकाचं नाव, गाव आणि फोन निघाला. त्यांनी फोन लावला, तो शालननं घेतला. आनंद व्हायच्या आधी तिला धडकी भरली. भरपाई घेतली होती, खर्च झाली होती, आणि आता आपल्यालाही त्या बिल्लेवाल्यांच्या रांगेत बसवणार. कोणीतरी तिला असंही सांगितलं होतं की पैसे दिले म्हणजे गाय आता कंपनीची झाली.

सांगणाऱ्याचं चुकलं नव्हतं. नियम तसाच आहे. भरपाई दिलेली वस्तू पुन्हा सापडली तर ती कंपनीची. मी तिच्यासमोरच पुण्याला फोन लावला आणि म्हटलं, साहेब, अभिनंदन, आपल्या कंपनीला एक गाय झालीय. साहेब म्हणाले, ऑफिसात बांधायची सोय आहे का? शेवटी असं ठरलं की गाय शालनची शालनला, आणि भरपाई तिनं दुधाच्या पैशातून सवडीनं फेडायची. तिनं ती पुढे फेडली. पण त्यामुळे झालं असं, की चुकून दिलेले आणि नंतर वसूल केलेले असे जे क्लेम कंपनीच्या दप्तरी आहेत, त्यांत हरणीचा क्लेम जाऊन बसला. निवृत्त होताना माझ्या कामाचा गोषवारा निघाला, त्यातही तो तसाच. नोकरीतला माझा सगळ्यात खरा क्लेम. याचं मला अजून वाईट वाटतं.

गाय ओळखायला तपासनिसानं गेलंच पाहिजे असं नव्हतं. मी गेले. टेम्पो ठरवला, पुढे ड्रायव्हर, शालन आणि मी. सासरे म्हणाले होते, एवढ्या लांब कशाला, दुसऱ्याच कुणाची निघंल. मिरज सोडल्यावर शालन एकदाच बोलली. हरणी आपल्याला ओळखणार नाही, आणि ओळखलं तर जवळ येणार नाही, शेवटी आपण मारलं होतं, असं म्हणाली.

गाय होती ते घर मल्लाप्पा नावाच्या म्हाताऱ्याचं. उसाच्या कडेला छप्पर, समोर बाभळी, पलीकडे नदी. हरणी छपराखाली उभी होती आणि तिच्या पोटाशी एक तांबडं वासरू. शालन बांधाशीच थांबली. पुढे होईना. हरणीनं मान वर केली, कान टवकारले, एका कानात तो पिवळा बिल्ला. मग तिनं असा काही हंबरडा फोडला की वासरू घाबरून बाजूला झालं. शालन पळत गेली. गाय तिचे हात चाटत होती, दंड चाटत होती, डोक्यावरचा पदर चाटत होती. मला तेव्हा रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मल्लाप्पा मराठी बोलायचा, मधूनमधून कानडी. आम्ही त्याला चाऱ्याचे पैसे देऊ केले तर घेईना. दूध मीच प्यालो की, म्हणाला. मग त्यानं बाभळींकडे हात केला आणि त्या पुराचं सांगायला लागला. वरून जनावरं वाहत येत होती, गायी, म्हशी. ज्यांच्या गळ्यात लांब दावं होतं त्यांचं दावं या बाभळींच्या फांद्यांत अडकलं. जनावरं ओढ घेत राहिली आणि तिथंच बुडाली. त्यानं डोळ्यांनी बघितलं, जवळ जाता आलं नाही. ही तेवढी सरळ बाभळीतून निघून उसात येऊन टेकली.

"हिच्या गळ्यात टीचभर दोरी, अक्का," तो शालनला म्हणाला. "गळ्याजवळ कापलेली. कापणारा शहाणा बघा. त्यानं वाचवली हिला."

शालन उठून उभी राहिली. पुन्हा सांगा, म्हणाली. मल्लाप्पानं पुन्हा सांगितलं. तिनं कमरेचा मोबाइल काढला, घरी लावला, आवाज मोठा केला आणि मोबाइल म्हाताऱ्याच्या तोंडासमोर धरला.

"मामंजी, हे काय म्हणत्यात ते ऐका."

मल्लाप्पा गोंधळला. पण त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं, बाभळी, लांब दावी, टीचभर दोरी. मला वाटलं फोन तुटला. शालनचा हात तसाच पुढे धरलेला होता.

मग सासरे बोलले. "वासरू हाय का बरुबर?"

"हाय. पाडी हाय."

"बरं. कालवडीला पल्याड बांधतो. हरणीची जागा झाडून ठेवतो. उन्हाचं आणू नगंस तिला. तूबी जेवून घे."

शालननं मोबाइल कमरेला खोचला. सासरा आपल्याला जेवून घे म्हणाला, हे तिनं मला टेम्पोत दोनदा सांगितलं. पण ते नंतर. त्या वेळी ती हरणीच्या पाठीवर, दांडकं मारलं होतं तिथं, नुसता हात फिरवत राहिली. ड्रायव्हरनं निघायचं का विचारलं. मी त्याला म्हटलं, थांब जरा, ऊन उतरू दे.